मुसीचा पूर आणि दोन तलावांतली रिकामी जागा

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद धुऊन काढले. मृतांचा आकडा साधारण १५ हजार सांगितला जातो. पूर पावसाचा होता हे खरे. शहराच्या वरच्या अंगाला, शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस पडला. पण लोंढा वाढवला तो फुटलेल्या तळ्यांनी. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्या खोऱ्यात तेव्हा ७८८ तळी होती, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यांतली २२१ फुटली. मातीच्या बांधावरून पाणी ओसंडू लागले की खालच्या उताराची माती खरवडली जाते आणि बघता बघता खिंडार पडते. वरचे तळे असे रिकामे झाले की ते सगळे पाणी खालच्यावर आदळते, आणि त्याचा सांडवा एवढ्या पाण्यासाठी काढलेलाच नसतो.

निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. ते १९०९ मध्ये आले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याकडे त्यांचे नाव आधीच झालेले होते. पुराचा कमाल विसर्ग सव्वाचार लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) धरला गेला. दाट वस्तीतून एवढे पाणी नुसत्या पूरभिंतींच्या भरवशावर नेणे अवघड. म्हणून शहराच्या वर दोन्ही नद्या अडवायच्या आणि पात्राला झेपेल तेवढेच पाणी खाली सोडायचे, असे ठरले. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये.

इथे थोडा हिशोब करून बघावा. सव्वाचार लाख क्युसेक म्हणजे तासाला सुमारे दीड टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. उस्मानसागरची साठवण ३.९ टीएमसी, हिमायतसागरची २.९७. दोन्ही तलाव अगदी कोरडे असले तरी तसा पूर शिगेला असताना साडेचार तासांत भरतील. तेव्हा ही धरणे अख्खा पूर पोटात घेतात असे कोणी समजू नये. ती फक्त पुराचा माथा कापतात, आणि तोही तलावात जागा असेल तरच.

घोडे अडते ते इथेच, कारण हेच तलाव शहराला पाणी पाजू लागले. गंडीपेटचे, म्हणजे उस्मानसागरचे, पाणी ही हैदराबादकरांची कौतुकाची गोष्ट झाली. पिण्याच्या पाण्यासाठी पावसाळा संपताना तलाव काठोकाठ हवा; पुरासाठी तो रिकामा हवा. मुसीचा मोठा पूर आला होता सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे नेमका तलाव भरत आलेला असण्याच्या दिवसांत. भरल्या तलावात येवा, म्हणजे आत येणारे पाणी, वाढला की दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि उशिरा उचलले तर एकदम जास्त उचलावे लागतात. म्हणून येव्याचा अंदाज घेऊन आधीच थोडे थोडे पाणी सोडायचे असते. पाऊस पुढे दगा देईल या धास्तीने तेच टाळावेसे वाटते.

पाणलोटात घरे आणि रस्ते वाढले की पाणी मुरत नाही, ते लवकर आणि एकदम तलावात येते. सोबत गाळ आणि सांडपाणीही. त्यामुळे १९९६ मध्ये शासन आदेश क्रमांक १११ ने तलावांभोवतीच्या १० किलोमीटरच्या टापूतल्या ८४ गावांत मोठ्या बांधकामांवर बंदी आली. तेलंगण सरकारने हे निर्बंध २०२२ मध्ये उठवले.