ओले लाकूड आणि भिजवलेले लाकूड

मांसाला धुरी देण्याचा विषय निघाला की "लाकूड ओले घ्या, धूर भरपूर येतो" असा सल्ला हमखास मिळतो, आणि त्यातला 'ओले' हा शब्द नुकत्याच तोडलेल्या लाकडालाही लावला जातो आणि वाळवून मग तासभर पाण्यात बुडवलेल्या लाकडालाही. झाडाची निवड दोन्हींत सारखीच. पाइनसारखे राळयुक्त लाकूड कोणत्याही रूपात नको.

खरा फरक पाणी कुठे आहे यात आहे. भिजवलेल्या लाकडात ते पृष्ठभागापासून जेमतेम काही मिलिमीटर शिरते, निखाऱ्यावर थोड्याच वेळात उडून जाते आणि मग ते लाकूड कोरड्यासारखेच जळते. म्हणजे भिजवल्याने धूर वाढत नाही, फक्त उशिरा सुरू होतो, आणि सुरुवातीला कौतुकाने पाहिले जाते ती बहुतांशी वाफ असते. ताज्या लाकडात मात्र पाणी पेशींच्या पोकळ्यांत आणि भित्तिकांत भरलेले असते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ते कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत असते. ताज्यात पुष्कळदा 50 टक्क्यांहून अधिक, काही जातींत तर 100 टक्क्यांच्याही वर. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती विस्तवातूनच जाते. विस्तव थंडावतो, लाकडातून सुटणारे वायू पुरते जळत नाहीत आणि दाट पांढुरका, डांबरट धूर मांसावर बसून त्याला कडवट करतो. या दाट धुरालाच 'चव' म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. धुरीचा गंध मुख्यतः लिग्निनच्या, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणाऱ्या घटकाच्या, विघटनातून येणाऱ्या ग्वायाकॉल, सिरिंगॉल यांसारख्या संयुगांचा असतो; ती वाळलेल्या लाकडातूनही मिळतात, आणि चांगला धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसणारा असतो.

काही मुरलेले हात धगधगत्या निखाऱ्यांवर ताज्या लाकडाचा एखादा तुकडा ठेवतात, आणि हवा खेळती असेल तर ते निभतेही. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. पण तिथे काम निखारे करतात.

टोकांना चिरा पडलेल्या, सैल सालीच्या, एकमेकांवर आपटल्यास खणखणीत वाजणाऱ्या फोडी वाळलेल्या समजाव्यात. बद्द आवाज आला तर फोडून, हवेशीर रचून किमान सहा महिने, जाड वा कठीण लाकूड असल्यास वर्षभर वा त्याहून अधिक थांबावे. ढलप्या भराभर पेटतात म्हणून त्या भिजवण्याऐवजी मी हवेची झडप थोडी आवळतो.