एटीएस (कंपन्या नोकरीचे अर्ज हाताळायला वापरतात ते सॉफ्टवेअर) तुमचा रेझ्युमे कचऱ्यात टाकतं, हे खरंय का?

"७५ टक्के रेझ्युमे माणसाने बघायच्या आधीच सॉफ्टवेअर रिजेक्ट करतं" हे वर्षानुवर्षं फिरतंय. हा आकडा कुठून आला बघायला गेलं की गाडी रेझ्युमे सुधारून द्यायची सर्व्हिस विकणाऱ्या, कधीच बंद पडलेल्या एका कंपनीपाशी येऊन थांबते, आणि त्यामागे अभ्यास म्हणाल तर काहीच सापडत नाही.

एटीएस म्हणजे मुळात अर्ज साठवायचं कपाट. रिक्रुटर त्यात सर्च मारतो, वरचे काही अर्ज उघडतो, माणूस मिळाला की बाकीचे तसेच पडून राहतात आणि मग सगळ्यांना एकच छापील रिजेक्शन मेल जातो, म्हणून आपल्याला वाटतं मशीनने उडवलं. काही ठिकाणी स्कोअर किंवा रँकिंग असतं, नाही असं नाही. पण आपोआप बाद होणं बहुतेक वेळा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे होतं. "कामाचा परवाना आहे का?" समोर चुकून "नाही" टिक झालं की खेळ खल्लास, रेझ्युमे कितीही भारी असो. ते प्रश्न दोनदा वाचा.

सर्चमध्ये सापडावं म्हणून रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवायची आयडिया तर सोडूनच द्या, सिस्टीम मजकूर साधा करून दाखवते तेव्हा ते सगळं रिक्रुटरला ढळढळीत दिसतं.

त्यापेक्षा जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय तोच, खरोखर येत असेल तर, रेझ्युमेत लिहा आणि जाहिरात पडल्यावर लवकर अप्लाय करा. पीडीएफ चालते. फक्त त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, दोन कॉलमची खिचडी झाली तर एकच कॉलम ठेवा.