न्यूमोनियात कोलेस्टेरॉल कमी आलं म्हणून खूश होऊ नका

सणकून ताप, खोकला, श्वास घेतला की छातीत कळ, एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघतो, पेशंट ॲडमिट होतो आणि रक्ताच्या ढीगभर तपासण्यांत लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणीही होऊन जाते. बघतात तर काय, वर्षानुवर्षं गोळ्या खाऊनही हलत नव्हतं ते एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, एकदम खाली! घरच्यांना वाटतं चला, निदान हे तरी बरं झालं.

बरं वगैरे काही झालेलं नसतं. जोराचं इन्फेक्शन झालं की एकूण कोलेस्टेरॉल उतरतं, एलडीएल उतरतं, आणि ज्याला आपण 'चांगलं' म्हणतो ते एचडीएल पण उतरतं, कधी कधी तर तेच सगळ्यात जास्त. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, मात्र बऱ्याचदा उलट चढतात. आजार जितका जोरात तितकी ही घसरण मोठी, सूज दाखवणारं सीआरपी वर गेलं की कोलेस्टेरॉल खाली, सीआरपी उतरू लागलं की हे परत वर. कोविडच्या पेशंटमध्येही हेच चित्र दिसलं होतं.

आता ट्रायग्लिसराइड का चढतात, याची गोष्ट मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी परजीवीची लागण झालेल्या सशांवर काम करत होते. ससे खंगून हाडं दिसायला लागलेली, म्हणजे रक्तातली चरबी संपायला हवी ना, पण रक्त तर चरबीने भरलेलं! मग कळलं की शरीरच असं काहीतरी सोडतंय जे लायपोप्रोटीन लायपेज या एन्झाइमला गप्प बसवतं. रक्तातली चरबी फोडून पेशींना देणं हे या एन्झाइमचं काम, तेच थंडावलं तर चरबी रक्तातच फिरत राहणार. खंगवतं म्हणून त्या पदार्थाला नाव दिलं कॅकेक्टिन, आणि 1985 मध्ये लक्षात आलं की हा तर टीएनएफ, म्हणजे कॅन्सरच्या गाठी मारतो म्हणून दुसरीकडे अभ्यास चालू असलेलाच रेणू. न्यूमोनियातही हाच टीएनएफ सुटतो, सोबत इंटरल्यूकिन-6 हे सूज वाढवणारं दुसरं प्रोटीन असतं, साठवलेली चरबी वितळून लिव्हरकडे जाते, लिव्हर तिचे कण बनवून रक्तात सोडत राहतं आणि उचलणारं कोणी नाही.

कोलेस्टेरॉल कमी होण्यामागे मात्र एकच कारण नाही. लिव्हरची कामं बदलतात, रक्तवाहिन्या गळक्या होतात, जेवण तर सुटलेलंच असतं. इंटरल्यूकिन-6 चा हात किती मोठा आहे ते संधिवातात देतात त्या टोसिलिझुमॅबवरून कळतं, हे औषध इंटरल्यूकिन-6 ला अडवतं आणि कोलेस्टेरॉल वाढतं!

एचडीएलचं तर रूपच पालटतं. त्याच्या अंगावरचं नेहमीचं प्रोटीन बाजूला सारून सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रोटीन येऊन बसतं, जे मोठ्या इन्फेक्शनमध्ये हजार पटीपर्यंत वाढू शकतं. शिवाय एचडीएल-एलडीएल हे कण काही बॅक्टेरियांच्या आवरणातलं विष स्वतःला चिकटवून घेऊन त्याचा जोर कमी करतात. न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोकॉकस, तो तर न्यूमोलायसिन नावाचं विष सोडतो जे पेशीच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल पकडूनच तिथे भोक पाडतं, पण मोकळं कोलेस्टेरॉल समोर आलं तर ते विष तिथेच अडकून पडतं. म्हणजे ज्याच्या नावाने आपण एरवी बोटं मोडतो ते कोलेस्टेरॉल इथे ढाल होतं. म्हणूनच गंभीर इन्फेक्शनमध्ये एचडीएल फार खाली गेलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात.

कमी दिसणाऱ्या एलडीएलमधला थोडा भाग निव्वळ गणिताचाही असू शकतो हां. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड चढले की वजाबाकी मोठी होते आणि एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसतं, ट्रायग्लिसराइड 400 mg/dL च्या पुढे असतील तर हे सूत्र वापरूच नये असं आहे.

आणि एलडीएल कमी आलं म्हणजे हृदयाला आराम, असंही नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधला 2018 चा अभ्यास आहे, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या 7 दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे 6 पट निघालं. त्यामुळे रिपोर्ट छान आला म्हणून आपल्या मनाने स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील. खरा आकडा हवा असेल तर पूर्ण बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या आणि मग टेस्ट करा. आत्ताचा रिपोर्ट फाइलला लावताना त्याच्यावर पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, 'तेव्हा न्यूमोनिया होता', नाहीतर वर्षभराने दुसरा कोणी डॉक्टर तोच आकडा धरून बसायचा.