'ओये कोमो वा'चा ठेका कुणाचा?

'ओये कोमो वा' म्हटलं की बहुतेकांच्या कानात कार्लोस सांतानाची गिटार वाजू लागते. गाणं मात्र टिटो पुएन्तेचं. 'एल रे ब्राव्हो' या तबकडीसाठी त्याने ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केलं. 'ओये' वाचून आपल्याला पंजाबी हाक आठवते, पण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'ऐक'. पुष्कळ जण या शब्दांचा अर्थ 'काय, कसं काय?' असा लावतात. पुढचे शब्द जोडले की उलगडा होतो : ऐक, माझा ठेका कसा चाललाय. एवढं सांगून गाणं नाचायला मोकळं होतं.

हा ठेका म्हणजे चा-चा-चा. हवानातल्या एन्रिके होर्रीन या व्हायोलिनवादकाने १९५० च्या दशकाच्या आरंभी तो 'दान्सोन' या जुन्या नृत्यसंगीतातून घडवला. मांबो या क्युबन नृत्यसंगीताच्या आडव्यातिडव्या लयीत लोकांची पावलं अडखळत, म्हणून त्याने चाल सोपी केली. नाव पडलं ते जमिनीवर घासणाऱ्या पावलांच्या आवाजावरून, असं सांगतात.

पुएन्ते जन्मला १९२३ मध्ये न्यूयॉर्कला, प्युर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबात. टिंबालेस हे त्याचं वाद्य : धातूच्या ढोलांची जोडी, काठ्यांनी वाजवायची. वाजवणारा एरवी मागे असायचा. पुएन्ते वाद्यवृंदाच्या पुढ्यात उभा राहून वाजवी. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूम या नृत्यगृहातले नाचणारे हेच त्याचे खरे परीक्षक.

पण गाण्याची सुरुवात लक्ष देऊन ऐका. बेसची तीच ती फिरणारी ओळ क्युबाच्या काचाओ लोपेस या बेसवादकाच्या 'चांचुयो' या रचनेत आधीच आहे, आणि 'चांचुयो' पुएन्तेने १९५९ मध्ये स्वतः रेकॉर्ड केलं होतं. म्हणजे ओळख जुनी. काचाओनेही ते आपल्याच आधीच्या एका दान्सोनवरून बेतलेलं. गंमत अशी की 'चांचुयो'चा अर्थच मुळी लबाडी, हातचलाखी! तरी 'ओये कोमो वा'च्या श्रेयात नाव एकट्या पुएन्तेचंच. मी याला चोरी म्हणणार नाही. नाचाच्या संगीतात असे ठेके आपल्याकडच्या बंदिशींसारखे हातोहात फिरतात. पण 'मूळ गाणं' हा शब्द जरा जपूनच वापरावा.

मग सांताना. मेक्सिकोत जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला, १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गाजलेला. १९७० च्या 'अब्राक्सस' या तबकडीत त्याने गाण्याचा सांगाडा जवळपास तसाच ठेवला आणि वाद्यं बदलली. बासरी आणि ब्रासची (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांची) जागा गिटारने आणि त्याच्या बँडमधल्या ग्रेग रोलीच्या हॅमंड ऑर्गनने घेतली, गायलाही रोलीच. संपूर्ण गाण्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) मोजून दोन, आणि त्यांतून उमटणारे स्वर आपल्या काफी थाटाचे. म्हणून गिटारला थांबून एकेक सूर ओढायला मोकळीक मिळते. माझ्या मते या कव्हरचं, म्हणजे सांतानाने नव्याने वाजवलेल्या रूपाचं, सगळं यश त्या मोकळ्या जागेत आहे. १९७१ मध्ये ते अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत १३ व्या क्रमांकावर पोचलं.

पुएन्तेच्या कार्यक्रमांत आता लोक 'ते सांतानाचं गाणं वाजवा' अशी फर्माईश करू लागले. तो आधी चिडला, असं म्हणतात. मग रॉयल्टीचा पहिला चेक आला, आणि पुढे हाच किस्सा तो मिटक्या मारत सांगत असे.