कोबा फोडून लॉन करताय? मग मुरूम आणि तांबडी माती यातला फरक आधी बघून घ्या

दारातला कोबा फोडून तिथं लॉन करायचं असं ठरवणारी माणसं आता बेळगावात गल्लोगल्ली भेटतात, टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, शहापूर सगळीकडं, आणि मला ह्याचा मनापासून आनंद आहे कारण उन्हाळ्यात तो तापलेला कोबा रात्री दहापर्यंत घर भाजत राहतो आणि जुलैत सगळं पाणी गेटमधनं रस्त्यावर सोडतो. पण प्रत्येक ठिकाणी तीच एक गफलत व्हायलीय. कोबा फुटतो, खाली लालभडक काहीतरी दिसतं आणि घरमालक, गवंडी, शेजारी सगळे एकसुरात म्हणतात, बघा किती छान तांबडी माती आहे खाली! ती माती नाही. तो मुरूम आहे. आणि तो तिथं तुमच्याच गवंड्यानं घर बांधताना आणून, पाणी मारून, धुम्मस करून बसवलेला आहे, कोबा खचू नये म्हणून.

कोब्याबद्दल जास्त लिहित नाही, ते सगळ्यांना कळतं. ब्रेकरवाला येतो, दिवसभर आवाज होतो, राडारोडा निघतो. फक्त हिशेब आधी करा, वीस बाय वीसचं अंगण आणि चार इंच कोबा असला तर साधारण सव्वा ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) पुढं माल होतो आणि फुटल्यावर तो फुगून दोन ब्रासच्या आसपास जातो, शिवाय खाली सोलिंगचे, म्हणजे पायाला रचलेले, दगड असतील तर ते वेगळे. टिप्परवाल्याशी भाडं त्या अंदाजानं बोला. वर शहाबादी फरशी असेल तर ती न फोडता काढायला सांगा, पायवाटेला उपयोगी पडते. आणि गाडी लावायची पट्टी ठेवा की तशीच, सगळंच हिरवं करायचा हट्ट कशाला, चाकाखाली लॉन टिकत नाही.

आता मुद्द्याचं. मुरूम आणि तांबडी माती एकाच खडकापासनं बनतात म्हणूनच गोंधळ होतो. आपल्याकडं पश्चिमेला, म्हणजे खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि बेळगावच्या आसपासच्या माळांवर, वर जांभा आहे आणि खाली बेसाल्ट. लाखो वर्षं पाऊस पडून पडून खडकातलं सिलिका वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागं राहिले, लाल रंग त्या लोहाचा, गंजाचाच म्हणा. आता चोर्ला घाटाच्या वाटेला जिथं रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं थांबून कापलेली बाजू नीट बघा. सगळ्यात वर वीतभर, कुठं हातभर थर दिसतो, जरा काळपट तांबडा, त्यात बारीक मुळं लोंबत असतात. ती माती. त्याच्या खाली खडे आणि गोटे मिसळलेला लाल-पिवळा थर, त्यात मुळं जवळजवळ नाहीतच. तो मुरूम, अर्धवट कुजलेला खडक. त्याच्याखाली अख्खा खडक. वरच्या दोन्हींचा रंग जवळपास सारखा, आणि लोक फक्त रंग बघतात.

रंगावरनं सुपीकता कळत नाही हो, कितीदा सांगायचं! लाल रंग म्हणजे लोह आहे एवढंच. झाडाला जे लागतं ते म्हणजे कुजलेला पालापाचोळा, गांडुळं, जिवाणू, पाणी धरणारे बारीक कण, आणि हे सगळं त्या वरच्या थरात असतं, कारण तिथंच शतकानुशतकं गवत उगवलं, वाळलं, कुजलं. खालच्या मुरमात हे घडलेलंच नाही. कृषीशास्त्रात तर दोन मिलिमीटरपेक्षा मोठ्या कणाला माती धरतच नाहीत, तो खडा. चाचणीला माती पाठवली की आधी दोन मिलिमीटरच्या चाळणीतनं काढतात आणि जे वर राहतं ते बाजूला टाकतात. मुरूम असा चाळला तर पुष्कळदा निम्मा माल वरच राहतो. म्हणजे तुम्ही एक टिप्पर माती म्हणून घेतला तर त्यातला अर्धाच टिप्पर तुमच्या गवताच्या कामाचा, आणि त्या अर्ध्यातसुद्धा सेंद्रिय काही नाही.

पण खडे ही त्यातली सोपी अडचण. खरी अडचण दाबाची आहे आणि ती कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मातीत घन कण आणि मोकळी जागा साधारण निम्मी निम्मी असते, त्या मोकळ्या जागेतनं हवा आणि पाणी खेळतं आणि मुळं वाट काढतात. चांगल्या बागेच्या मातीची घनता १.१ ते १.४ च्या दरम्यान असते, म्हणजे एका घनसेंटिमीटरमागं तेवढे ग्रॅम. १.६ च्या आसपास गेलं की बहुतेक मुळं अडायला लागतात. घराच्या भरावात पाणी मारून ठोकलेला मुरूम १.८ च्या पुढं असतो. हा काही दोष नाही, मुरूम त्याचसाठी वापरतात, रस्त्याखाली, प्लिंथमध्ये म्हणजे घराच्या जोत्यात, त्याच्यातले खडे आणि चिकट बारीक कण एकमेकांत घट्ट बसतात आणि वर वजन आलं तरी हलत नाहीत. रस्त्याला ज्या गुणासाठी मुरूम हवा, नेमका तोच गुण लॉनला मारतो. त्यात आपल्याकडचा जांभ्याचा मुरूम असेल तर आणखी एक गोष्ट, जांभा खाणीत ओला असताना मऊ असतो, कुऱ्हाडीनंसुद्धा चिरा तासता येतो, आणि हवेत उन्हात वाळला की कडक होतो. म्हणजे उघड्यावर आलेला तो थर दर उन्हाळ्यात वाळून अजून घट्ट होत जाणार.

ह्यावर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं की मुरमात पाणी निचरतं, ते चांगलंच की. मोकळ्या मुरमातनं निचरतं, खरं आहे, आणि तिथं ते इतकं भराभर जातं की दुपारपर्यंत गवत सुकतं. ठोकलेल्या मुरमातनं निचरतच नाही. जुलैत आठ-आठ दिवस झड लागली की वर टाकलेल्या तीन इंच मातीत पाणी तुंबून राहतं, खाली जायला वाट नाही, मुळं कुजतात, आणि एप्रिलमध्ये तीच तीन इंच माती तव्यावरच्या भाकरीसारखी खालनं-वरनं भाजते कारण खालनं ओल वर यायलाही वाट नाही. एकाच अंगणात पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात राख, दोन्ही एकाच कारणानं.

मग ही गफलत उघडी का पडत नाही? कारण लॉन लगेच मरत नाही. नर्सरीतनं आणलेल्या तयार लॉनच्या कार्पेटच्या तुकड्याला खाली स्वतःची इंचभर माती असते, जून-जुलैत टाकलं की पाऊस वरनं पाणी देतो, हवा गार असते, सप्टेंबरपर्यंत सगळं हिरवंगार, गणपतीला आलेले पाहुणे कौतुक करतात, फोटो काढतात. मुळं मात्र त्या इंचभरातच आडवी पसरलेली असतात. मार्च लागला की पिवळे चट्टे. तोपर्यंत काम करणारा माणूस पैसे घेऊन गेलेला असतो आणि दोष जातो गवताच्या जातीला, पाण्याला, कुत्र्याला, आणि मग येतो युरिया. युरिया मारणं ही तर माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट आहे. ज्या मुळाला खाली जायला जागा नाही त्याला खत देऊन पानं वाढवायची, म्हणजे पाण्याची गरज वाढवायची आणि पाणी आणायची सोय नाही, गवत अजून लवकर जळतं.

ओळखायचं कसं, तर रंग सोडून बाकी काहीही बघा. मूठभर ओलं करून दाबा, माती असेल तर गोळा होतो आणि अंगठ्यानं चेपला तर थोडी पट्टी निघते, मुरूम असेल तर गोळा धरला तरी आत खडे करकरतात आणि चेपला की फुटतो. वास घ्या, ओल्या मातीला वास असतो, मुरमाला जवळजवळ नाही. सगळ्यात भरवशाचं म्हणजे बाटली. काचेच्या सरळ बाटलीत तिसरा हिस्सा माल, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. खडे आणि जाड वाळू मिनिटाभरात तळाला बसतात, पोयट्याला, म्हणजे वाळूपेक्षा बारीक गाळाला, काही तास लागतात, चिकण कण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवतात. पहिल्या मिनिटातच बहुतेक सगळा माल तळाला गेला तर तो टिप्पर परत पाठवा. हो, परत पाठवा, लाजू नका. ऑर्डर देतानाच ड्रायव्हरला स्पष्ट सांगायचं की शेतातली वरची माती पाहिजे, गरसू म्हणजे मुरूम नको, आणि गाडी ओतायच्या आधी मागचं फळकं उघडून हात घालून बघायचं. वर मातीचा थर आणि आत मुरूम असंही येतं.

अंगणात आधीपासनं जे आहे त्याची चाचणी आणखी सोपी. कोबा काढल्यावर फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि पट्टी घेऊन बसा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. रात्रभर तसंच उभं राहिलं तर वर कितीही भारी माती टाका, उपयोग नाही.

सगळा मुरूम उपसून काढायला पाहिजे असं मी म्हणत नाही, तो खर्च कुणी सांगितला तरी करू नका. सोलिंगचे दगड काढा, वरचा सहा-आठ इंच मुरूम उचला, आणि त्याच्याखालचा वीतभर थर टिकावानं खणून मोकळा करा, फक्त ओरखडे नकोत, ढेकळं उलटली पाहिजेत, आणि त्यात शेणखत मिसळा म्हणजे वरची माती आणि खालचा थर यांच्यात एकदम सीमा राहत नाही. मग वर आठ इंच माती. वीस बाय वीसला ती पावणेतीन ब्रास होते, पण माती बसते, म्हणून शेणखत धरून सव्वातीन-साडेतीन ब्रास सांगा. मी दोन भाग तांबडी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू वापरायच्या मताचा आहे. ताजं शेण नको, हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळी येते. भिंतीजवळ प्लिंथच्या वरच्या कडेपासनं माती सहा इंच तरी खाली ठेवा आणि उतार घरापासनं लांब, शंभर इंचाला एक-दोन इंच पुरे, नाहीतर ओल भिंतीत चढते आणि वाळवीला वाट मिळते. काढलेला मुरूम फेकू नका, गाडीच्या पट्टीखाली घाला, तिथं तो सोन्यासारखा आहे.

सिमेंटचे तुकडे मात्र एकेक वेचा. काँक्रीटचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो, आपली पश्चिमेकडची तांबडी माती मुळात आम्लधर्मी, त्यात चुरा मिसळला की त्या जागी लोह मुळांना मिळत नाही आणि लोहानं लाल झालेल्या मातीत गवत लोहाअभावी पिवळं पडतं. ब्रेकर चालल्यावरची पांढरी भुकटीसुद्धा खरडून काढा.

निपाणी, चिकोडी, अथणी, बैलहोंगलकडच्यांनी हे सगळं वाचून तांबडी माती लांबनं मागवायची गरज नाही. तिथली काळी माती पाणी धरते, खत धरते, फक्त उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकटते, शेणखत जास्त घाला, उतार नीट ठेवा, झालं. भरावातला मुरूम मात्र तिथंही घराखाली असतोच, ती चाचणी तुम्हालाही चुकत नाही.

गवताच्या जातीवर लोक तासन् तास वाद घालतात, मला तो वाद दुय्यम वाटतो. भरपूर ऊन असेल तर हरळीच्याच कुळातलं सिलेक्शन नंबर वन, कारण मुळं खोल जातात आणि मे महिन्यात पाण्याची ओढाताण झाली तर वाळून परत फुटतं. मेक्सिकन दिसायला गालिच्यासारखं पण हळू वाढतं आणि पुढं उंचवटे धरतं. आंब्याच्या सावलीत बफेलो, नाहीतर तिथं लॉनचा नादच सोडा. आणि प्लास्टिकचं गवत कृपा करून नको, कोबा फोडून त्यावर प्लास्टिक अंथरायचं तर कोबा काय वाईट होता.

वेळ म्हणाल तर फोडाफोडी एप्रिलमध्ये, माती वळवाच्या आधी टाकून ठेवा, मेच्या वळवानं ती बसते, खड्डे दिसतात, ते भरा, तण उगवलं की उपटा, आणि पाऊस नीट लागल्यावर तीन-चार इंचावर एकेक काडी लावा. खानापूरच्या घाटाकडच्या भागात जुलैचा मार इतका असतो की नवी माती वाहून जाते, तिथं सप्टेंबरपर्यंत थांबलेलं बरं. पहिली कापणी गवत अडीच-तीन इंच झाल्यावर, आणि एका वेळी वरचा तिसरा हिस्साच.