ओव्हरक्लॉकिंगच्या वाटा आणि त्यांना लागलेली कुलुपं

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. १९८४ च्या आयबीएम पीसी एटी या संगणकामध्ये ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा. बोर्डावरच्या, ठोके देणाऱ्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची वारंवारता निम्मी होऊन त्याला मिळायची. हा क्रिस्टल काढून १६ चा बसवला की तोच प्रोसेसर ८ वर धावायचा. हे सर्रास होऊ लागल्यावर आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) वेगाची तपासणी घातली आणि ठरल्यापेक्षा वेगवान मशीन सुरूच होईना. वाट सापडायची आणि ती बंद व्हायची, हा क्रम तिथून सुरू झाला.

१९९२ च्या इंटेलच्या ४८६ डीएक्स२ पासून प्रोसेसरचा वेग म्हणजे बस (प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाची वारंवारता) गुणिले मल्टिप्लायर (गुणक) असं गणित रूढ झालं. पेंटियमच्या काळात हे दोन्ही आकडे मदरबोर्डवरच्या जंपरने (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांनी) बदलता यायचे. त्याचा गैरफायदा घेऊन कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकणारेही निघाले. इंटेलने मल्टिप्लायर चिपमध्येच पक्का केला, त्यामागे हेही एक कारण होतं. आता उरली फक्त बस.

त्या बसनेच ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन ३००ए प्रोसेसर गाजवला. त्याचा मल्टिप्लायर ४.५, बस ६६. बस १०० केली की थेट ४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याच महिन्यात आलेल्या महागड्या पेंटियम टू ४५० इतकाच वेग. पेंटियम टूची ५१२ केबी कॅश (प्रोसेसरची हाताशी असलेली वेगवान मेमरी) चिपबाहेर होती आणि निम्म्या वेगाने चालायची. सेलेरॉनची कॅश १२८ केबीच होती, पण ती चिपवरच असून पूर्ण वेगाची होती. त्यामुळे बाहेरच्या कॅशचा अडथळाच नव्हता. ४४०बीएक्स चिपसेटचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपांचा) अबिट बीएच६ मदरबोर्ड असेल तर बस बायोसमधूनच बदलायची. इतर बोर्डांवर प्रोसेसरच्या बी२१ या पिनवर चिकटपट्टी लावली की बोर्ड त्याला १०० बसचा समजायचा. चिप अडली तर व्होल्टेज २.० वरून २.२ करायचं.

नवख्यांची गल्लत व्हायची ती ८३ बसवर. १०० पेक्षा ८३ सुरक्षित, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण १०० वर पीसीआयला (कार्ड आणि डिस्क यांच्या जोडणीला) एक तृतीयांश, म्हणजे नेहमीचे ३३ मेगाहर्ट्झ मिळायचे. ८३ वर भागाकार दोननेच व्हायचा आणि पीसीआय ४१.५ वर जायचा. मग प्रोसेसर ठणठणीत असूनही हार्ड डिस्कवरचा डेटा बिघडायचा.

इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या २००० सालच्या थंडरबर्ड प्रोसेसरवर मल्टिप्लायरचं कुलूप डोळ्यांना दिसायचं: चिपच्या पृष्ठभागावरच्या एल१ नावाच्या तुटलेल्या जोडरेषा, म्हणजे पूल. शिसपेन्सिलीने ते जोडले की ग्राफाइटमधून वीज वाहायची आणि मल्टिप्लायर मोकळा व्हायचा. इतकी स्वस्त युक्ती नंतर कधी मिळाली नाही.

बसची वाट २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांनी बंद केली. पीसीआय एक्सप्रेससकट बाकीच्या जोडण्या एकाच १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर आल्या, त्यामुळे तो थोडे टक्के वाढवला तरी सगळंच डळमळतं. मोकळा मल्टिप्लायर हवा तर ‘के’ मालिकेचा प्रोसेसर आणि त्याला साजेसा चिपसेट विकत घ्या, असा मामला झाला. एएमडीने २०१७ पासून आपल्या बहुतेक डेस्कटॉप रायझेन प्रोसेसरांचे मल्टिप्लायर मोकळे ठेवले, पण ए३२० चिपसेटवर ते वापरता येत नाहीत.

म्हणूनच आजचा पहिला प्रयत्न मल्टिप्लायरपासून सुरू होतो: एक पायरी वाढवा, अर्धा तास पूर्ण भार टाकून ताणचाचणी घ्या, तापमान बघा. व्होल्टेजला हात शेवटी. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, १.२० चे १.३० व्होल्ट केले तर वेग तोच राहूनही ती सुमारे १७ टक्क्यांनी चढते.