जेल पडद्यातून होणारं विसरण कसं मोजतात

जेल म्हणजे जाळीत अडकलेलं पाणी. अगर (किराणा दुकानात ज्याला चायना ग्रास म्हणतात ते), जिलेटिन, अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून मिळतं ते), कशाचाही पातळ पडदा घ्या, त्यातून औषध किंवा साखर किती वेगानं पलीकडं जायलीय हे काढायचं. पुस्तकात विसरण, लॅबमध्ये सगळे डिफ्युजनच म्हणतात. नियम १८५५ चा, आडोल्फ फिक यांचा: दोन्ही बाजूंच्या संहतीत जेवढा फरक तेवढा प्रवाह जास्त, पडदा जाड तेवढा कमी.

मांडणी साधीच आहे. दोन कप्पे, मधे पडदा, एकीकडं औषधाचं द्रावण, दुसरीकडं नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), आणि ठराविक वेळानं बफरमधून १ मिली काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं त्यावरून औषध मोजणारं मशीन) रीडिंग. काढलं तेवढं ताजं बफर परत घालायचं आणि काढलेलं औषध हिशोबात धरायचं, पोरं हमखास इथंच विसरतात. वेळेसमोर पलीकडं गेलेलं एकूण औषध मांडलं की ग्राफ सुरुवातीला जमिनीला चिकटून असतो मग सरळ रेषेत चढतो. ती रेषा मागं ओढली की वेळेच्या अक्षाला जिथं लागते तो टाइम लॅग. जाडीचा वर्ग भागिले सहा पट टाइम लॅग, हा झाला विसरण गुणांक, म्हणजे औषध जेलमधून किती वेगानं पसरतं त्याचा आकडा. रेषेच्या चढावरून मात्र नुसता गुणांक निघत नाही, औषध जेलमध्ये किती मुरतं तेही त्यात मिसळलेलं असतं, आणि दोन्ही आकडे एकच समजले की सगळा घोळ.

आता अचूकपणा. माझ्या मते मशीनपेक्षा जास्त चूक जाडीत होते. गुणांक ५×१०⁻¹⁰ चौ. मी. प्रति सेकंद धरला तर १ मिमी पडद्याचा लॅग साडेपाच मिनिटं, २ मिमीचा बावीस! म्हणजे जाडीत १० टक्के चुकलात तर उत्तरात वीसेक टक्के. त्यात जेल फुगतं, म्हणून जाडी प्रयोगाआधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजायची, आणि मायक्रोमीटर दाबून धरायचा नाही, जेल चेपतं.

दुसरं तापमान. अंशामागं गुणांक साधारण दोन-अडीच टक्के बदलतो, आणि आपल्याकडं मराठवाड्यात मे महिन्यात सकाळी २८ अन् दुपारी ४० म्हटल्यावर वॉटर जॅकेट (कप्प्यांभोवती ठराविक तापमानाचं पाणी फिरवणारं आवरण) नसेल तर रीडिंग जुळणारच नाहीत. लाइट गेली की जॅकेटचं पाणीही थांबतं आणि कप्प्यातलं द्रावण ढवळणारा स्टररही, त्या दिवसाचा डेटा सरळ सोडून द्यावा.

स्टरर बंद म्हणजे पडद्यालगत पाण्याचा न हलणारा थर साचतो आणि तोही अडवतो. तो ओळखायला वेगवेगळ्या जाडीचे पडदे घेऊन एकूण अडथळा जाडीसमोर मांडायचा, रेषा शून्य जाडीला जिथं कापते तेवढा वाटा त्या थराचा.

अल्जिनेटवाल्यांनी पाण्याकडं बघावं. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनं सोडियम अल्जिनेटच्या गुठळ्या होतात, डिस्टिल्डच वापरा. उलट फॉस्फेट बफर पडद्यातलं, अल्जिनेटची जाळी बांधून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतं, मग पडदा प्रयोग चालू असतानाच ढिला पडतो, आणि ग्राफ वर वाकायला लागला की समजायचं हेच व्हायलंय.